आधी तिला विचारा: मुंबईत अपंग स्त्रियांच्या हक्कांचं काम सुरू करताना

दर वर्षी ८ मार्चच्या आसपास आमच्या गटाकडे नवी माणसं येतात. समाजकार्याच्या विद्यार्थिनी, निवृत्त शिक्षिका, एखाद्या अपंग मुलीची आई, आणि अलीकडे स्वतः अपंग असलेल्या तरुण मुलीसुद्धा. सगळ्यांना मनापासून काही करायचं असतं. तरी पहिल्याच भेटीत त्यांतलं कुणीतरी माझ्या शेजारच्या बाईला विचारतं, "यांना चहा चालेल का?" मी दीड वर्षाची असताना मला पोलिओ झाला. डाव्या पायात आधाराचं कॅलिपर आहे आणि हातात कुबडी. चहा चालेल की नाही, हे मात्र माझं मलाच ठाऊक असतं.

या कामातली सगळ्यात मोठी चूक त्या एका प्रश्नात आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करते. २०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. त्यांत सुमारे १ कोटी १८ लाख स्त्रिया होत्या. यांतल्या बहुतेकींच्या वतीने आयुष्यभर दुसरंच कुणीतरी बोलत आलेलं असतं: आई, भाऊ, नवरा, डॉक्टर, संस्थेच्या बाई. आपण त्या रांगेत आणखी एक माणूस म्हणून जाऊन बसायचं नाही.

शब्दांबद्दल थोडं. कायद्यात आणि सरकारी कागदांवर 'दिव्यांग' आहे, त्यामुळे अर्जात तोच शब्द लिहा. मी स्वतःला अपंग म्हणवते. माझी एक मैत्रीण 'अंध' म्हणते आणि 'दृष्टिहीन' म्हटलेलं तिला आवडत नाही. समोरची स्वतःसाठी कोणता शब्द वापरते ते ऐका आणि तोच वापरा.

पहिली पायरी: तिच्याशी एकटीशी बोलणं

हे वाटतं तितकं सोपं नाही. मुंबईत दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं राहतात. तुम्ही गेलात की सासू समोर बसते, नणंद चहा टाकते, दारातून शेजारीण डोकावते. अशा वेळी ती "सगळं बरं आहे" असंच म्हणणार. ते उत्तर वहीत लिहून परत येऊ नका.

आम्ही हळूहळू जागा शोधायला शिकलो. अपंगत्वाच्या सर्टिफिकेटसाठी हॉस्पिटलला जायचं निमित्त सगळ्यात चांगलं, कारण रांगेत दोन-तीन तास मिळतात आणि घरच्यांना तेवढा वेळ नसतो. दुपारी रिकामी असलेली बालवाडी, चाळीची गच्ची, देवळाचा ओटा, यांतलं काहीही चालतं. मात्र तिथवर तिला स्वतःहून जाता येतं का, हे आधी बघा. गच्चीवर जायला चार जिने असतील आणि ती व्हीलचेअरवर असेल, तर ती जागा तुमच्या सोयीची झाली.

बोलताना पाळायच्या गोष्टी अशा. व्हीलचेअरवरच्या बाईशी उभ्याने बोलू नका, खुर्ची ओढून समोर बसा. तिची व्हीलचेअर, कुबडी, पांढरी काठी न विचारता हलवू नका. "बाजूला ठेवते हं" म्हणून कुणी माझी कुबडी कोपऱ्यात नेऊन ठेवली, की मी त्या खुर्चीत अडकले. अंध बाईला आधी आपलं नाव सांगा आणि उठून जाताना "मी निघते" म्हणा. कर्णबधिर बाईशी बोलताना उजेड तुमच्या तोंडावर हवा, आणि दुभाषी शक्यतो घरचा नको. त्रास भावाकडून होत असेल आणि खुणांची भाषा एकट्या भावालाच येत असेल, तर ती काय सांगणार? वांद्रे रेक्लमेशनला कर्णबधिरांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. सांकेतिक भाषेच्या दुभाष्याची चौकशी तिथून सुरू करता येते.

बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलीला 'हो की नाही' अशा उत्तरांचे प्रश्न विचारू नका. मोठ्या माणसाला 'हो' म्हणायची तिला सवय लावलेली असते. त्याऐवजी "मग काय झालं?" विचारा आणि थांबा. वाटतं त्याहून जास्त वेळ थांबा.

शेवटचा प्रश्न नेहमी एकच ठेवा: "यातलं आधी काय व्हावं असं तुम्हाला वाटतं?" तिच्यावर हिंसा होते आहे असं मनाशी धरून आम्ही एका बाईकडे गेलो होतो. तिने सांगितलं, तिला शिवणाचा क्लास लावायचा आहे आणि तिथला संडास पहिल्या मजल्यावर आहे. आम्ही आधी संडासाचं काम केलं. बाकीचं तिने सहा महिन्यांनी सांगितलं.

दुसरी पायरी: कागद, आणि ते कुणाच्या ताब्यात आहेत

अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) नसेल तर पुढची बहुतेक दारं उघडत नाहीत. अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन होतो आणि मग ठरलेल्या सरकारी किंवा पालिका रुग्णालयात तपासणी होते. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असेल तर आरक्षण आणि बहुतेक योजना लागू होतात. कार्डाचा रंगही त्यावर ठरतो: ४० टक्क्यांखाली पांढरा, ४० ते ८० मध्ये पिवळा, ८० आणि त्यावर निळा. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्यात एकवीस प्रकारची अपंगत्वं आहेत. थॅलेसेमिया, ॲसिड हल्ल्यामुळे आलेलं अपंगत्व, मानसिक आजार, पार्किन्सन्स हेही त्यात येतात. अनेक बायकांना आपण या यादीत आहोत हेच माहीत नसतं.

कार्ड आलं की तीन गोष्टी बघा. मूळ प्रत कुणाकडे आहे? बँकेचं खातं तिच्या एकटीच्या नावावर आहे का? एटीएम कार्ड आणि ओटीपी येणारा मोबाइल कुणाच्या खिशात असतो? पेन्शन तिच्या नावाने येते आणि खर्च भाऊ ठरवतो, असं फार घरांत आहे. यावर भांडायला लगेच धावू नका, पण नोंद ठेवा. आणि प्रत्येक कागदाचा एक झेरॉक्स संच तिच्या स्वतःच्या पिशवीत जाऊ द्या. तुमच्या फाइलमधला संच त्यानंतर.

तिसरी पायरी: कायद्यातली तुम्हाला तोंडपाठ हवीत अशी कलमं

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली मंजूर झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. सगळा पाठ करायची गरज नाही. कलम ४ खास स्त्रिया आणि मुलांसाठी आहे: त्यांना इतरांच्या बरोबरीने हक्क वापरता यावेत, हे पाहणं सरकारवर बंधनकारक आहे. कलम ३४ प्रमाणे सरकारी नोकरीत किमान ४ टक्के आरक्षण, कलम ३२ प्रमाणे सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के. कलम ३७ लक्षात ठेवा, कारण त्याचा वापर फार कमी होतो. घरवाटपाच्या आणि गरिबी निर्मूलनाच्या योजनांत ५ टक्के आरक्षण आणि त्यात अपंग स्त्रियांना प्राधान्य, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. घराच्या अर्जासोबत या कलमाचा उल्लेख जोडा.

कलम २३ प्रमाणे प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असायला हवा. "तुमचे तक्रार निवारण अधिकारी कोण?" हे कार्यालयात शांतपणे विचारा, आणि नाव लिहून घ्या. कलम ९२ बद्दल खाली सांगते.

चौथी पायरी: पैसे

यावर थोडक्यातच लिहिते, कारण रकमा आणि अटी बदलत राहतात. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांना दरमहा मदत मिळते. अर्जाला उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड आणि अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. महापालिकेने आपल्या निधीतून दिव्यांगांसाठी ५ टक्के रक्कम खर्च करायची असते, तेव्हा वॉर्ड ऑफिसात समाज विकास अधिकाऱ्यांना भेटून या वर्षी कोणत्या योजना चालू आहेत ते विचारा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविध अपंगत्व असेल तर केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाचा 'निरामय' आरोग्य विमा आहे, एक लाख रुपयांपर्यंतचा. एजंटला पैसे देऊ नका आणि तिच्या घरच्यांनाही देऊ देऊ नका.

पाचवी पायरी: जिना, रॅम्प, लोकल

ऑक्टोबर २०२३ मध्ये विराली मोदी यांचं लग्न खारच्या विवाह नोंदणी कार्यालयात झालं. त्या व्हीलचेअर वापरतात. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि अधिकारी खाली यायला तयार नव्हते. शेवटी त्यांना उचलून वर न्यावं लागलं. त्यांनी हे जाहीरपणे मांडलं आणि बातमी देशभर गेली. त्याआधी २०१७ साली, रेल्वेत चढवताना हमालांनी केलेल्या नकोशा स्पर्शाबद्दल बोलून त्यांनी गाड्या अपंगांसाठी सुगम करण्याची मोहीम उभी केली होती. रॅम्प नसला की अपंग स्त्रीला कुणीतरी उचलतं, आणि उचलणारे हात कुणाचे, कुठे लागतात, यावर तिचं काही चालत नाही. जिन्याची तक्रार लिहिताना हे लिहा. सुरक्षिततेची तक्रार आहे ती.

कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे आधीपासूनच्या सार्वजनिक इमारती नियम आल्यापासून पाच वर्षांत सुगम व्हायला हव्या होत्या. नियम २०१७च्या जूनमध्ये आले. म्हणजे मुदत केव्हाच संपली आहे.

अर्ज लिहायची आमची पद्धत अशी. "सोयी नाहीत" असं लिहू नका, मोजून लिहा. टेप घेऊन जा. रॅम्पचा उतार एकास बारा हवा, म्हणजे एक फूट उंची चढायला बारा फूट लांबी. संडासाचा दरवाजा व्हीलचेअर आत जाईल इतका, निदान ९० सेंटिमीटर रुंद हवा. कठडा आहे का, दिवा लागतो का, कडी आतून लागते का (बायकांच्या बाबतीत हे आधी बघा), आणि ते संडास कुलूपबंद करून त्यात झाडू-बादल्या ठेवल्या आहेत का? फोटो तारखेसकट काढा. अर्ज दोन प्रतींत, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. "ठेवून जा, बघतो" म्हणाले तरी उभ्या राहा.

महिन्याभरात उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात विचारा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत. महाराष्ट्राच्या नियमांत हे बसतं. "अर्ज क्रमांक अमुकवर आजवर कोणती कार्यवाही झाली, फाइल कोणाकडे किती दिवस होती?" एवढंच लिहा. शिवाय दर महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात महिला लोकशाही दिन असतो, तिथे बायकांच्या तक्रारी ऐकतात. शहराचं जिल्हाधिकारी कार्यालय फोर्टात जुन्या कस्टम हाउसमध्ये आहे आणि उपनगरचं वांद्रे पूर्वेला. हे काम अपंग बाईने स्वतः मांडलं, आपण मागे बसलो, तर अधिकारी वेगळ्या नजरेने ऐकतात. राज्यभरासाठीचे दिव्यांग आयुक्त पुण्यात बसतात. स्थानिक पातळीवर काही हललं नाही की त्यांच्याकडे तक्रार पाठवायची.

लोकलचं दुखणं वेगळं आहे. दिव्यांग डबा स्त्री-पुरुष एकत्र असतो, छोटा असतो, आणि सकाळी धडधाकट माणसंच त्यात भरलेली असतात. लेडीज डब्यात चढावं तर गर्दीचा रेटा कॅलिपर बघत नाही. दिव्यांग डब्यात कुणी अंगचटीला आलं तर कर्णबधिर मुलीने ओरडावं कसं, हा प्रश्न मला दहा वर्षांपूर्वी एका मुलीने खुणांनी विचारला होता. १३९ हा रेल्वेचा क्रमांक आहे, पण बोलू न शकणाऱ्या मुलीला तो पुरत नाही. तिच्या मोबाइलमध्ये स्टेशनचं नाव भरून पाठवता येईल असा तयार मेसेज आणि तो घेणारी दोन माणसं ठेवा. आमच्या गटात ही व्यवस्था आम्ही आपसांत केली आहे.

सहावी पायरी: हिंसा

इथे घाई करू नका आणि उशीरही करू नका. अपंग स्त्रीवरची हिंसा नेहमी मारहाणीसारखी दिसत नाही. कुबडी वर माळ्यावर टाकणं, श्रवणयंत्राची बॅटरी काढून घेणं, संडासला न्यावं लागू नये म्हणून दुपारनंतर पाणीच न देणं, गोळ्या जास्त देऊन झोपवून ठेवणं. एका ताईने मला सांगितलं, "मला कुणी हात लावत नाही. फक्त पाणी ठेवत नाहीत." तिला ती हिंसा वाटतच नव्हती.

कलम ९२ नेमकं यासाठी आहे. जाणूनबुजून अन्नपाणी नाकारणं, अवयवाला किंवा सहायक साधनाच्या वापराला बाधा आणणं, अपंग स्त्रीचा विनयभंग करण्यासाठी बळ वापरणं, तिच्यावर असलेल्या वर्चस्वाचा फायदा घेऊन लैंगिक शोषण करणं, चारचौघांत अपमान करणं, या सगळ्याला सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. पोलीस ठाण्यात हे कलम माहीत नसणारे भेटतात, म्हणून त्याची छापील प्रत पर्समध्ये ठेवा.

आधी तिला विचारा: आज रात्री इथे सुरक्षित आहात का? नसेल तर ११२, महिलांसाठी १८१, मुंबई पोलिसांचा १०३. कुठेतरी हलवायचं ठरलं तर तिची औषधं, साधनं, चार्जर, कागद बरोबर घ्या. आसरागृहात व्हीलचेअर आत जाते का, हे फोनवर आधी विचारा. दोनदा आम्ही दारातून परत आलो आहोत.

लैंगिक अत्याचार असेल तर पुढचे हक्क सांगा. एफआयआर कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. पीडित स्त्री अपंग असेल तर तिच्या घरी किंवा ती म्हणेल त्या सोयीच्या ठिकाणी, दुभाषी किंवा विशेष शिक्षकाच्या उपस्थितीत, आणि त्याचं व्हिडिओ चित्रण करायचं असतं. २०१३ साली कायदा बदलला तेव्हा हे आलं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही, कायम आहे. उपचार सरकारी-खासगी कुठल्याही रुग्णालयाने मोफत आणि लगेच करायचे असतात, एफआयआरची वाट न पाहता. "तिला काय कळतंय, तिची साक्ष टिकणार नाही" असं कुणी म्हणालं, तर सर्वोच्च न्यायालयाचा २०२१चा पाटण जमाल वली खटल्यातला निकाल सांगा. अपंग साक्षीदाराची साक्ष केवळ अपंगत्वामुळे दुबळी धरता येत नाही, असं त्यात स्पष्ट केलं आहे. ती मुलगी अंध होती. तिने आरोपीला आवाजावरून ओळखलं होतं.

घरातली हिंसा असेल तर २००५चा कौटुंबिक हिंसाचार कायदा सासरीही चालतो आणि माहेरीही, भावाविरुद्धसुद्धा. घरात राहण्याचा आदेश त्यातून मिळतो. मुंबईत या कामाला दोन जुने आधार आहेत: पालिका रुग्णालयांतली 'दिलासा' केंद्रं, ज्यांची सुरुवात वांद्र्याच्या भाभा रुग्णालयातून झाली, आणि पोलीस ठाण्यांशी जोडलेले महिला व मुलांसाठीचे विशेष कक्ष, जे टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली सुरू केले. वकील मोफत मिळतो. स्त्री म्हणूनही आणि अपंग म्हणूनही, उत्पन्नाची अट न लावता. विधी सेवेचा क्रमांक १५१००.

नोकरीच्या ठिकाणी लैंगिक छळ झाला तर तिथल्या अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांत तक्रार करावी लागते. शारीरिक अडचणीमुळे ती स्वतः लिहू शकत नसेल तर मैत्रीण किंवा सहकारी तिच्या लेखी संमतीने लिहू शकते.

आणि एक कडक नियम. तिची कहाणी, फोटो, व्हिडिओ गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकायचा नाही. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. आमच्या गटात एकदा चांगल्या हेतूने असं झालं आणि त्या मुलीने पुन्हा आमच्याशी बोलणं टाकलं.

सातवी पायरी: तिचं शरीर

महाराष्ट्रात हा विषय १९९४ पासून उघडा आहे. त्या वर्षी शिरूरच्या मतिमंद मुलींच्या सरकारी वसतिगृहातल्या मुलींची गर्भाशयं पुण्यात शस्त्रक्रियेने काढण्यात आली. पाळीची स्वच्छता त्यांना जमत नाही, हे कारण दिलं गेलं. स्त्री संघटना रस्त्यावर उतरल्या. आज २०१६च्या दिव्यांग कायद्याच्या कलम १० प्रमाणे अपंग व्यक्तीच्या मोकळ्या आणि समजून दिलेल्या संमतीशिवाय वंध्यत्व आणणारी कोणतीही प्रक्रिया करता येत नाही. २००९ साली सुचिता श्रीवास्तव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सौम्य बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलीचा गर्भ ठेवण्याचा निर्णय मान्य केला.

तरीही "पिशवी काढून टाकू का?" हा प्रश्न मुलींच्या आया आजही आम्हाला विचारतात, आणि त्या क्रूर नसतात. त्या थकलेल्या असतात आणि आपण गेल्यावर मुलीचं काय होईल या भीतीत असतात. त्यांना कायदा सुनावू नका. मुलीला पॅड बदलायला शिकवणारी विशेष शिक्षिका गाठून द्या. चित्रांचा तक्ता न्हाणीघरात लावा. सांभाळणारी दुसरी व्यक्ती आठवड्यातून दोन तास मिळवून द्या. पिशवी काढली म्हणजे अत्याचार टळत नाही, हेही त्याच बैठकीत सांगा.

डॉक्टरकडे जाताना तपासणीचं टेबल किती उंच आहे, चढायला मदत कोण करणार, डॉक्टर तिच्याशी बोलतात की आईशी, हे बघा. "लग्न झालंय का?" असं विचारून अपंग बाईला पाळी, गर्भनिरोधन, स्तनांची तपासणी यांतलं काहीच न सांगता परत पाठवतात. तिच्याबरोबर प्रश्न आधी कागदावर लिहून जा. वाचून दाखवायला तिला सांगा.

आठवी पायरी: गट

एकटीने काम दोन वर्षांत दमवतं. पाच-सात अपंग स्त्रिया जमल्या की गट होतो, त्यांत वेगवेगळी अपंगत्वं असू द्या. अंध बाईला कर्णबधिर बाईची अडचण माहीत नसते, हे आम्हालाही उशिरा कळलं. अध्यक्षपद त्यांच्याकडे द्या, हिशोबाची वहीही त्यांच्याकडे. बोलावलं तर रिक्षाचं भाडं द्या, सोबत येणाऱ्याचंही. स्टेजवर हार घालून फोटो काढायला बोलावणाऱ्या कार्यक्रमांना "माईक मिळणार का, किती मिनिटं?" असं विचारायची सवय त्यांना लागू द्या.

जागा तळमजल्यावरची, वापरता येईल असा संडास असलेली, स्टेशनपासून फार लांब नसलेली बघा. वेळ दुपारी बारा ते तीन ठेवा. तेव्हा गाड्यांना गर्दी कमी असते, आणि तीनला सुटलं की दिव्यांग डबा संध्याकाळच्या रेट्याआधी मिळतो.